दर त्यांचा, हिशेब आपला



सांगलीत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर पिवळी पाटी लावलेलं एक एसटीडी बूथ होतं. गोष्ट १९९२ सालची. माझी मोठी बहीण तेव्हा गुवाहाटीला होती. भावोजी रेल्वेत, बदली थेट तिकडे झालेली. महिन्यातून दोनदा रात्री जेवणं आवरली की अण्णा, आई आणि मी बूथकडे निघायचो. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे अकराच्या आधीच बूथसमोर रांग लागलेली असायची. शहरातल्या ज्यांची ज्यांची माणसं लांब होती, ती सगळी त्या रांगेत भेटायची. कुणाचा मुलगा दिल्लीला, कुणाची मुलगी बंगलोरला. दिवसा कुणालाच परवडायचं नाही.

अण्णांच्या हातात एक चिठ्ठी असे. काय काय बोलायचं ते त्यांनी घरीच लिहून काढलेलं. मनिऑर्डर पोचली का, बाळाचा खोकला, दिवाळीला येणार की नाही. काचेच्या खोलीत तांबडे आकडे पळायला लागले की अण्णांची नजर त्या आकड्यांवर खिळायची. आणि आई? आई चिठ्ठी बाजूला ठेवून विचारायची, "काय गं, आज भाजी कुठली केलीस?" अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे.

घरी आल्यावर अण्णा एक वही काढायचे. साखर कारखान्यात हिशेबनीस होते ते, त्यामुळे वही ही त्यांची सवयच. तारीख, गाव, वेळ, किती मिनिटं, किती रुपये, असे पाच रकाने. बूथवाल्याची पावती तिथंच टाचणीनं लावलेली. मी पुढं गणिताची शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांना नफा-तोटा शिकवला, पण फोनच्या योजना कशा पारखाव्यात हे मी कुठल्या पुस्तकात नाही, त्या वहीत शिकले. आज तुमच्याशी बोलणार आहे ते त्याबद्दल.

आधी थोडं मागं जाऊ. आपल्याकडे नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय पहिल्यांदा १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांदरम्यान झाली. बाकी देशाला ती मिळायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर ट्रंक कॉल होता. ऑपरेटरकडे नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल, त्याहून महाग अर्जंट, आणि त्याहूनही महाग लाइटनिंग. म्हणजे बोलण्याला एक किंमत आणि लवकर बोलण्याला दुसरी. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच विचारणार. मधल्या काळात कितीतरी घरांत ट्रंक कॉल आला म्हटलं की पोटात गोळा यायचा, कारण एवढा खर्च करून कुणी खुशाली विचारत नसे.

मग एसटीडी आलं आणि त्याच्याबरोबर पल्स नावाची गोष्ट आली. हिशेब असा होता की एका युनिटचा दर ठरलेला, पण ते युनिट किती वेळ पुरणार हे अंतरावर अवलंबून. गावातल्या गावात एक युनिट काही मिनिटं पुरायचं. अंतराचे टप्पे होते. पन्नास किलोमीटरपर्यंत, मग दोनशे, पाचशे, हजार, आणि हजाराच्या पुढं. अंतर जसं वाढेल तसं युनिट लवकर संपायचं. सांगलीहून कोल्हापूर जवळच्या टप्प्यात, मुंबई मधल्या, आणि आमची ताई सगळ्यात शेवटच्या. तिथं दोन-तीन सेकंदांत एक युनिट उडायचं. आईनं "काय गं" म्हणेपर्यंत एक गेलं, "भाजी कुठली" म्हणेपर्यंत दुसरं. यात वेळेप्रमाणे सवलत वेगळी. म्हणजे एका मिनिटाचा भाव काढायला चार गोष्टी बघाव्या लागत होत्या. युनिटचा दर, पल्स, अंतर आणि घड्याळ.

पण एक सांगते. हे सगळं किचकट असलं तरी एकच होतं. सरकारी दर, सगळ्यांना सारखा. त्यामुळे तुलना करण्याचा प्रश्न नव्हता, फक्त काटकसर करायची होती.

तुलना करायची वेळ आली ती २००० नंतर. त्या वर्षी देशांतर्गत लांब पल्ल्याची सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली. जानेवारी २००२ मध्ये दर असे कोसळले की लोकांचा विश्वास बसेना. हजार किलोमीटरच्या पुढचं मिनिट गर्दीच्या वेळी २४ रुपयांना पडायचं, ते ९ रुपये ६० पैशांवर आलं. १ एप्रिल २००२ ला परदेशी फोनमधली सरकारी कंपनीची मक्तेदारी संपली. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणाऱ्या फोनचे पैसे द्यायचे बंद झाले. आणि १ मार्च २००६ ला दोन्ही सरकारी कंपन्यांनी 'वन इंडिया' नावाची योजना आणली. देशात कुठंही बोला, मिनिटाला एक रुपया. कोल्हापूर आणि गुवाहाटी एका भावात! अण्णांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्राचं कात्रण वहीत चिकटवलं होतं.

आता गंमत बघा. दर उतरले तशी योजनांची संख्या वाढली. एकाच्या जागी पन्नास. कुठं भाडं कमी आणि दर जास्त, कुठं भाडं जास्त आणि काही फोन फुकट. कुठं रात्री स्वस्त, कुठं त्याच कंपनीच्या नंबरला स्वस्त. जाहिरातीत मात्र एकच आकडा मोठ्या टायपात. बाकी सगळं तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

आणि इथं मी, गणिताची बाई, फसले. २००७ ची गोष्ट आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. मी तोवर पुण्यात आले होते. एका योजनेत परगावच्या मिनिटाचा दर इतरांपेक्षा निम्मा होता. महिन्याला ९९ रुपये जादा भरायचे की झालं. मी लगेच घेतली आणि मोठ्या तोऱ्यात अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. तीन महिन्यांची बिलं घेऊन ये."

दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी बिलं आणि वही शेजारी शेजारी ठेवली. ९९ रुपये दर महिन्याला नेमानं गेले होते. पण तो निम्मा दर फक्त त्याच कंपनीच्या नंबरांना होता. ताईचा फोन दुसऱ्या कंपनीचा, आमच्या घरचा फोन सरकारी. म्हणजे ज्या दोन ठिकाणी मी फोन करत होते, त्यातल्या एकालाही तो दर लागू नव्हता. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "तू दर वाचलास. आपण फोन कुणाला करतो ते वाचलं नाहीस."

श्रोतेहो, योजनांची तुलना करताना आपण बहुतेक सगळे हीच चूक करतो. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवतो आणि लहान आकडा निवडतो. पण दर ही किंमत नव्हेच. किंमत म्हणजे महिनाअखेर खिशातून गेलेले एकूण पैसे भागिले तुम्ही प्रत्यक्ष बोललेली मिनिटं. आणि त्या भागाकारातला खालचा आकडा कंपनीच्या जाहिरातीत नसतो, तुमच्याकडे असतो.

दोन उदाहरणं देते. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. जवळ कागद-पेन्सिल असेल तर मांडून बघा.

पहिल्या योजनेत भाडं नाही, मिनिटाला दोन रुपये. दुसरीत भाडं ९९ रुपये, मिनिटाला एक रुपया. कुठली स्वस्त? बहुतेक जण दुसरीकडे बोट दाखवतील. पण तुम्ही महिन्याला ४० मिनिटं बोलत असाल तर पहिलीत ८० रुपये होतात, दुसरीत १३९. तुम्ही १५० मिनिटं बोलत असाल तर पहिलीत ३००, दुसरीत २४९. दोन्हींचा खर्च बरोबर ९९ मिनिटांवर सारखा होतो. त्याच्या खाली पहिली घ्या, त्याच्या वर दुसरी. म्हणजे उत्तर योजनेत नाहीच, तुमच्या ९९ मिनिटांत आहे.

दुसरं उदाहरण याहून मजेदार. जून २००९ मध्ये एका कंपनीनं सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि पाठोपाठ सगळ्यांना तो आणावा लागला. सेकंदाला पैसा म्हणजे मिनिटाला साठ पैसे. समजा शेजारी दुसरी योजना आहे, मिनिटाला पन्नास पैसे, पण मिनिट पुरतं धरायचं. एक सेकंद वर गेला तरी दुसरं मिनिट लागलं. आता तुमचे वीस फोन झाले, प्रत्येक एक मिनिट दहा सेकंदांचा. साठ पैशांच्या योजनेत १४०० सेकंदांचे १४ रुपये. पन्नास पैशांच्या योजनेत वीस फोनांची चाळीस मिनिटं धरली, म्हणजे २० रुपये. महाग दर स्वस्त पडला! पण तुम्ही आमच्या आईसारखे असाल, दोनच फोन पण दहा मिनिटं दहा सेकंदांचे, तर सेकंदाच्या योजनेत १२ रुपये २० पैसे आणि मिनिटाच्या योजनेत ११ रुपये. आता मिनिटवाली योजना स्वस्त. म्हणजे किती बोलता एवढंच नाही, कसं बोलता हेही मोजायला हवं. तुटक की सलग?

हाच खेळ समुद्रापलीकडेही चालत होता. २००६ च्या सुमारास माझा भाचा न्यू जर्सीत शिकत होता. तिथल्या भारतीय किराणा दुकानांत गल्ल्यापाशी फोन कार्डं टांगलेली असत. पाच डॉलरचं कार्ड घ्या, त्यावरचा नंबर खरवडा आणि भारतात बोला. भिंतीवरच्या रंगीत कागदावर किती मिनिटं मिळतील ते ठळक लिहिलेलं. पण ती मिनिटं एकाच दमात बोललात तरच, तीही कधीकधी. फोन लागला की जोडणीचे पैसे कापले जायचे. बोलणं काही मिनिटांच्या पटीत धरलं जायचं. आणि कार्ड वापरायला सुरुवात केली की देखभालीच्या नावाखाली आतले पैसे आपोआप झिरपत राहायचे. भाचा म्हणायचा, "आजी, एकदाच काय ते सगळं बोलून घे. ठेवून परत लावला तर अर्धं कार्ड जातं." अशी कार्डं विकणाऱ्या काही कंपन्यांवर पुढं २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दावे लावले. सांगितलेली मिनिटं मिळत नाहीत आणि कापले जाणारे आकार नीट सांगितले जात नाहीत, अशीच तक्रार होती. परदेशात शिकणारी, राबणारी साधी माणसं त्यांची गिऱ्हाइकं. घरच्यांचा आवाज ऐकण्याची घाई असलेला माणूस तळाची बारीक अक्षरं वाचत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं जुनं झालं. सप्टेंबर २०१६ पासून तर बोलणं जवळपास फुकट झालं. एसटीडी हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागतो. अमर्याद बोला, दिवसभर बोला. मग तुलना कसली करायची?

तर यावरही एक अनुभव सांगते.

ऑगस्ट २०१९. सांगलीला महापूर. अण्णा तोवर गेले होते आणि आई एकटी होती. आमचं घर उंचावर, तिथं पाणी येण्याची भीती कमी, पण टीव्हीवरची दृश्यं बघून जीव थाऱ्यावर नव्हता. मी पुण्याहून आईचा मोबाइल लावतेय आणि तो लागत नाही. टॉवर बंद पडले असतील, वीज नसेल, असं समजून मी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाचा फोन लागला. सहज लागला. टॉवर चालू होते. त्यानं आईला फोन दिला. ती ठणठणीत होती, उलट मलाच विचारत होती, "अगं, चार दिवस तुझा फोन कसा नाही?"

झालं होतं असं की तिच्या फोनची वैधता संपून बरेच दिवस उलटले होते. तिचा फोन साधा, बटणांचा. ती स्वतःहून कुणाला लावत नाही, फक्त येणारे घेते. पूर्वी एकदाच हजारभर रुपये भरले की येणारे फोन आयुष्यभर चालू राहतील असं सांगून योजना विकल्या होत्या. पण २०१८ च्या अखेरीपासून ठराविक दिवसांनी किमान रक्कम भरा, नाहीतर येणारे फोनही बंद, अशी पद्धत रूढ झाली. रक्कम लहान होती. भरायची राहिली ती माझ्या हातून. आईला आलेला इशाऱ्याचा संदेश इंग्रजीत होता, तिनं तो उघडलाही नव्हता.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की भाव गेलेला नाही, त्यानं जागा बदलली आहे. १९९२ मध्ये आम्ही बोलण्याचे पैसे देत होतो. आता आपण सापडण्याचे पैसे देतो. मिनिट फुकट, पण दिवस विकत. पूर्वी पल्स सेकंदांची होती, आता अठ्ठावीस दिवसांची.

आणि या पल्सचंही गणित आहे. अठ्ठावीस दिवस ऐकायला महिना वाटतो. पण ३६५ भागिले २८ करा, तेरा येतात. वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा भरावं लागतं. समजा दोनशे रुपयांची योजना आहे. तुमच्या मनातला वर्षाचा खर्च २४०० रुपये, प्रत्यक्षात २६००. म्हणून किमतीला दिवसांनी भागा. दोनशे भागिले २८, म्हणजे दिवसाला ७ रुपये १४ पैसे. शेजारची ८४ दिवसांची योजना ५६० ची असेल तर दिवसाला ६ रुपये ६७ पैसे. हे केलं की कुठल्याही दोन योजना एका मापात येतात. आणखी एक. आधी पैसे भरायच्या योजनेवर लिहिलेली किंमत करासकट असते. महिनाअखेर बिल येणाऱ्या योजनेत अठरा टक्के जीएसटी वर लागतो. ४०० ची योजना बिलात ४७२ होते. दोन्हींवर ४०० लिहिलं आहे म्हणून त्या सारख्या नाहीत.

ग्राहकाच्या बाजूनं काही झालंच नाही असं म्हणता येणार नाही. १९९७ साली स्थापन झालेल्या ट्राय या नियामक संस्थेनं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीनं निदान एखादी योजना पूर्ण तीस दिवसांची आणि एखादी दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायची ठेवलीच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये याहून मोलाचा बदल झाला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली, इंटरनेट नसलेली योजना ठेवणं बंधनकारक केलं आणि अशा खास योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं ठरवलं. ज्या आजी-आजोबांकडे बटणांचा फोन आहे, ज्यांनी दुसरं सिम केवळ बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलं आहे, त्यांना रोजच्या दीड-दोन जीबीचे पैसे भरायचं कारण उरलं नाही. पण अशा योजना जाहिरातीत ठळक दिसत नाहीत. दुकानात मुद्दाम विचाराव्या लागतात. ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र बघायची सोयही २०१८ पासून केलेली आहे. आणि नाहीच पटलं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हा हक्क जानेवारी २०११ पासून देशभर आहे.

तेव्हा योजना बदलण्याआधी एक महिना थांबा आणि वही काढा. मोबाइलमध्ये नोंद असतेच, पण एकदा हातानं लिहा. मी फोन कुणाला करते? दिवसाला किती वेळ? लहान फोन जास्त की लांबलचक? इंटरनेट खरंच किती लागतं, की घरातल्या वायफायवरच सगळं भागतं? आणि शेवटचा प्रश्न, जो मी विसरले होते. हा फोन बंद पडला तर कुणाची रात्र झोपेविना जाईल? त्या फोनची वैधता कधी संपते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाच्या हिशेबाशेजारी.

आईच्या फोनमध्ये आता वर्षभराची, फक्त बोलण्याची योजना आहे. संपायच्या तारखेभोवती मी तांबड्या पेन्सिलीनं गोल केला आहे. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं गेली. रोज रात्री मी फोन करते. मिनिटाला एक पैसाही लागत नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं आहे. तरी पाच-सात मिनिटं झाली की ती घाईघाईनं म्हणते, "बरं, ठेवते आता. आकडे पळत असतील." मग ठेवता ठेवता तिला आठवतं, आणि ती विचारतेच, "आज भाजी कुठली केलीस?"

अण्णांच्या वहीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता. पण महिन्यातून दोनदा, रात्री अकरा वाजता, ते रांगेत उभे राहायचे ते याच प्रश्नासाठी, हे मला आता कळतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)